मरणाने मोठा झालेला बँड?

‘जॉय डिव्हिजनला जिवंतपणी कुणी कुत्रं विचारत नव्हतं. गायकाने जीव दिला आणि बँड अमर झाला. कंपनीने मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं, उरलेले तिघे त्याच्या पुण्याईवर जगले.’ सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या या इंग्लिश रॉक बँडबद्दल असा एक मजकूर फिरतोय. सोबत काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेषांचं चित्र, आणि खाली ओळ: ‘त्याच्या हृदयाचे शेवटचे ठोके’.

आधी ‘कुणी विचारत नव्हतं’चं बघू. गायक इयान कर्टिस गेला १८ मे १९८० रोजी, २३व्या वर्षी. जानेवारी १९७९मध्येच एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला होता, तेव्हा बँडचा पहिला अल्बमही आला नव्हता. त्याच महिन्यात नव्या बँडना वाव देणाऱ्या निवेदक जॉन पीलच्या बीबीसी रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण झालं. पुढे टीव्ही, बझकॉक्स या पंक बँडबरोबर ब्रिटनभर दौरा. तो गेला तेव्हा चौघं पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघायच्या तयारीत होते. न विचारलेला बँड असा असतो?

आणि मुळात वाजवण्यातच दम होता. पीटर हुक बास गिटार वरच्या सुरांत वाजवायचा, कारण बर्नार्ड समनरच्या गिटारच्या दणदणाटात खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत. या अडचणीतून शैली जन्मली. निर्माता मार्टिन हॅनेटने स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत ड्रमचे ठोके सुटे करून भोवती मोठी पोकळी उभी केली. हुक आणि समनरला ते तेव्हा मुळीच आवडलं नाही. आज पोस्ट-पंक, म्हणजे पंकनंतरचं रॉक संगीत, म्हटल्यावर कानात घुमते ती हीच पोकळी.

एक गोष्ट मात्र कबूल: पहिला अल्बम ‘अननोन प्लेझर्स’ ब्रिटनच्या मुख्य विक्रीयादीत आला तो कर्टिसच्या मृत्यूनंतरच, आणि दुसरा, ‘क्लोजर’, सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. मृत्यूने गिऱ्हाईक वाढलं. पण माल आधीच तयार होता. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं त्यांनी नोव्हेंबर १९७९मध्येच पीलसाठी वाजवलं होतं, ‘क्लोजर’ मार्च १९८०मध्ये मुद्रित झाला. त्यावरचा थडग्याचा फोटोसुद्धा तो हयात असतानाच ठरला होता. म्हणजे लोण्याची कथा इथेच विरघळते.

पुण्याईवर जगणं? कुणी एक जरी सोडून गेला तरी हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. ते त्यांनी पाळलं. ते ‘न्यू ऑर्डर’ या नव्या नावाचा बँड झाले, कीबोर्डवर गिलियन गिल्बर्ट आली, आणि १९८३च्या ‘ब्लू मंडे’ गाण्याने बारा इंची सिंगल (एका गाण्याच्या मोठ्या तबकडी) विक्रीचा विक्रम केला. जुनी गाणी मंचावर वाजवणं त्यांनी बरीच वर्षं सहसा टाळलं. नावावर जगणारे असं करत नाहीत.

मला खरा राग येतो तो ‘जीव दिला आणि अमर झाला’ या वाक्याचा. कर्टिसला १९७९च्या सुरुवातीला अपस्माराचं निदान झालं होतं. जड औषधं, रात्रीचे कार्यक्रम, डोळ्यांवर येणारे झगझगीत दिवे, मंचावर येणारे झटके, घरात मोडत चाललेला संसार. आजारी माणसाच्या हालांना प्रसिद्धीची युक्ती ठरवायचं म्हणजे कमाल झाली.

राहिल्या त्या रेषा. १९६७मध्ये जोसेलिन बेल यांना केंब्रिजला सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचे, ते रेडिओ संकेत. बँडला ही आकृती खगोलशास्त्राच्या एका कोशात सापडली, डिझायनर पीटर सॅव्हिलने ती ‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावर मांडली. अल्बम दुकानात आला जून १९७९मध्ये, कर्टिसच्या मृत्यूच्या ११ महिने आधी. त्यावर शेवटचे ठोके कुठून येणार?