गुणसूत्रांची टोकं कोरी नसतात

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस एक मेसेज फिरतोय. माणसाचा जीनोम, म्हणजे डीएनएमधली सगळी अक्षरं, म्हणे २००३ मध्येच पूर्ण वाचून झाला. गुणसूत्रांच्या टोकाला बुटाच्या नाडीसारखं नुसतं टोपण असतं, टेलोमिअर. त्यात वाचण्यासारखं काही नाही. आणि ते मोजलं की तुमचं 'खरं वय' कळतं. शेजारचे काका टेस्टचे पैसे भरायला निघाले, म्हणून लिहितेय.

२००३ साली सुमारे ८ टक्के जीनोम वाचायचा राहिलाच होता. ते काम २०२२ मध्ये संपलं, वाय गुणसूत्राचं तर २०२३ मध्ये. आजीची रामनामाची वही आठवा. पानोपानी तीच ओळ. ती फाडून चिठ्ठ्या केल्या, तर कुठली चिठ्ठी कुठल्या पानाची हे कसं ओळखणार? टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं अशीच ओळीनं येत राहतात, आणि त्यांच्या आतल्या बाजूचे मोठे उतारे वेगवेगळ्या गुणसूत्रांवर जवळपास सारखेच असतात. जुनी यंत्रं शेकडो अक्षरांचे तुकडे वाचायची. एका दमात हजारो, लाखभर अक्षरं वाचणारी यंत्रं आली तेव्हा कुठे हा गुंता सुटला.

'वाचण्यासारखं काही नाही' हे मला सगळ्यात लागलं. १६व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचं टोक माणसामाणसात २ लाख ६० हजार अक्षरांपर्यंत लहानमोठं असतं, हे १९९१ पासून माहीत आहे. चौथ्याच्या टोकाशी सुमारे ३,३०० अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो, बहुतेकांत ११ किंवा त्याहून जास्त वेळा. तो १० किंवा कमी वेळा असला आणि पुढची अक्षररचना विशिष्ट प्रकारची असली, तर एफएसएचडी हा स्नायूंचा आजार होऊ शकतो. शिट्टी वाजवता येत नाही, झोपेत डोळे पुरते मिटत नाहीत, हात वर नेताना खांद्याची पाती पंखासारखी बाहेर येतात. गंमत नव्हे, पंचाईत अशी की दहाव्या गुणसूत्राच्या टोकालाही जवळपास हाच तुकडा आहे, आणि तिथे तो कमी असला तर सहसा काहीच होत नाही. म्हणून नुसते तुकडे मोजून भागत नाही. टोक कुणाचं, तेही वाचावं लागतं.

राहिलं वय. टेलोमिअर वयाबरोबर आखूड होतात, हे खरं. पण एकाच वयाच्या दोघांत ते बरेच वेगळे असतात, एकाच माणसाच्या दोन टोकांतही. अशा टेस्टमध्ये बहुधा सगळ्या टोकांची मिळून एक सरासरी हातात पडते. काका, त्यावरून तुमचं वय निघत नाही, पैसे भरू नका. टेलोमिअर मोजायची खरी गरज पडते ती अस्थिमज्जा निकामी होणं, फुप्फुसं कडक होत जाणं अशा काही आनुवंशिक आजारांचा संशय आला तर, आणि ते डॉक्टर तपासून सांगतील.