खुलासा : ‘सोलापूरची ज्वारी संपली, जिल्हाभर ऊस’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर उपग्रहाचे दोन फोटो फिरताहेत. जुना तपकिरी, नवा हिरवागार. खाली मजकूर : ‘उजनीने जिल्हा बदलला, कोरडवाहू शेती इतिहासजमा.’

तो तपकिरी रंग आधी नीट बघा. आपली रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. एप्रिल-मेचा फोटो घेतला तर पीक उत्तम आलेलं रानही उघडं दिसणारच! ऊस मात्र वर्षभर उभा. म्हणून तुलना एकाच महिन्याच्या फोटोंची हवी, तीही अनेक वर्षांची. एका दुष्काळी सालावरून काही ठरत नाही.

बदल झालाय, तो नाकारायचं कारण नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि कालव्याखालच्या पंढरपूर भागात ऊस पसरला. पण सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब आलं. तिथे ओळीने झाडं आणि मधे मोकळी माती दिसते, उसासारखा सलग हिरवा पट्टा नाही. आणि मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात पाटपाणी नसतानाही जमिनीतल्या ओलीवर ज्वारी उभी राहते, जोडीला करडई-हरभरा. या ज्वारीला भौगोलिक मानांकनही (त्या भागाच्याच खास मालाला मिळणारी अधिकृत ओळख, ‘जीआय’) आहे.

एकाच जिल्ह्यात पाणी आणि जमीन बदलली की शिवाराचं रूप असं बदलतं. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला ‘इतिहासजमा’ म्हणणारा मजकूर कृपया पुढे पाठवू नका.