फुकटचा फॉन्ट, विकतचं दुखणं

मला चोरीच करायची असती ना, तर हे सगळं पाच मिनिटांत आटपलं असतं. भाच्याने पेन ड्राइव्ह समोर धरलाच होता. "मावशी, मराठीचे सगळे फॉन्ट आहेत यात. गणपतीचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर, सगळं यावरच चालतं. कॉपी मार आणि झोप."

मी नको म्हटलं. तिथून पुढे माझ्या चार रात्री गेल्या.

झालंय असं, की आमच्या वाचनालयाचं यंदा पंचाहत्तरावं वर्ष. त्यानिमित्त ६४ पानांची स्मरणिका काढायची ठरली आणि संपादन नेहमीप्रमाणे जी बाई नाही म्हणत नाही तिच्या गळ्यात. पैसे म्हणाल तर कागद आणि छपाईतच संपलेले. बरं, स्मरणिकेतला पहिलाच लेख आमच्या कार्यवाहकाकांचा. विषय काय, तर पुस्तकांच्या झेरॉक्स काढून वाचू नका, लेखकाच्या पोटावर पाय येतो. आता हा लेख मी चोरलेल्या अक्षरांत छापू? अक्षरं काढणाऱ्याला पोट नसतं का?

म्हणून म्हटलं, रीतसर फुकट मिळणारा फॉन्ट शोधू. जगात एवढं काय काय फुकट मिळतं, मराठीचा एक धड फॉन्ट मिळणार नाही? हा हा हा.

'फ्री मराठी फॉन्ट' असं टाकून शोधलं. पहिलीच साइट उघडली तर त्या पानावर डाउनलोडची चार बटणं. चार! पहिलं दाबलं तर रमीची जाहिरात. दुसरं दाबलं तर माझा कॉम्प्युटर धोक्यात असल्याची बोंब. तिसऱ्याने काहीतरी 'अलाउ' करायला लावलं, तेव्हापासून मला रोज रात्री साडेअकराला फोन जिंकल्याबद्दल अभिनंदन येतं. चौथं बटण पानाच्या तळाशी, राखाडी रंगाचं, तुमच्या आमच्या चष्म्याला दिसू नये एवढं बारीक. तेच खरं. त्यातून एक झिप उतरली. झिपमध्ये एक फॉन्ट आणि त्या साइटचीच जाहिरात करणारं एक चित्र. परवाना? नाही. कुणी बनवला? 'अज्ञात'. आणि साइटवर एवढंच लिहिलेलं: 'लायसन्स: फ्री'.

फ्री म्हणजे काय रे बाबा? आपल्या भाषेत मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे वापरा, वाटा, उघडून बघा, बदला, तशी लेखी मुभा आहे. इंग्रजीने दोन्ही एका शब्दात कोंबले आणि ही सगळी दुकानं त्या एका शब्दाच्या आडोशाला मांडून बसलीत. कुणाचा तरी मेहनतीचा, विकत मिळणारा फॉन्ट उचलायचा, त्यातला परवान्याचा कागद फाडून टाकायचा आणि वर 'फ्री' अशी पाटी लावायची. उद्या मी तुमची स्कूटर नाक्यावर लावून त्यावर 'फ्री' लिहिलं तर ती फ्री होते का?

दुसऱ्या साइटवर निदान अट तरी लिहिलेली होती: 'फक्त वैयक्तिक वापरासाठी'. आता आमची स्मरणिका वैयक्तिक आहे का? वाचनालय काही नफा कमवत नाही. पण आम्ही जाहिराती घेतल्यात, आणि मागच्या कव्हरवर किंमत ५० रुपये छापणार आहोत. मग ती व्यावसायिक झाली का? विचारावं म्हणून दिलेल्या पत्त्यावर मेल केला. मेल परत आला, असा पत्ता अस्तित्वात नाही. ठीक आहे, म्हटलं निदान फॉन्ट बघू तरी. लावला. सुंदर, वळणदार, बोरूने लिहिल्यासारखा. 'वाचनालय' टाइप केलं, जीव हरखला. 'पंच्याहत्तर वर्षांचा काळ' टाइप केलं आणि 'का'च्या पुढे भलत्याच फॉन्टातलं एक अक्षर उपटलं. ळ नाही! मराठी फॉन्ट म्हणून मिरवतो आणि ळ नाही. टिळक नाहीत, कमळ नाही, केळं नाही, शाळा नाही, बाळ नाही. तो म्हणे नमुना आहे, पूर्ण फॉन्ट विकत घ्या. हरकत नाही, घेते, किंमत सांगा. तर किंमत नाहीच. 'संपर्क करा'. त्याच मेलवर.

तिसऱ्या प्रकाराने तर डोकंच फिरवलं. फॉन्ट लावला, मराठी मजकूर निवडला, काही म्हणजे काही बदल नाही. मग चुकून इंग्रजीचं के दाबलं तर क उमटला. म्हणजे हा जुन्या जमान्यातला, युनिकोड नसलेला फॉन्ट. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांनी मिळून दिलेला एकच ठरलेला क्रमांक.) आतून ती इंग्रजीच अक्षरं असतात, वरून फक्त देवनागरीचं धोतर नेसवलेलं. तुम्हाला दिसतं 'कमल', कॉम्प्युटरच्या लेखी ती कसलीतरी इंग्रजी खिचडी. तो मजकूर शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, फोनवर पाठवला तर समोरच्याला बाराखडीऐवजी कचरा दिसतो. बरं, युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ साली, पहिल्याच आवृत्तीत आली. त्या साली जन्मलेल्या पोरांची पोरं आता शाळेत जातात, आणि आजही 'टॉप मराठी फॉन्ट' म्हणून यादी काढली की निम्मे हेच धोतरवाले.

मग चौथे. युनिकोड आहेत, ळसुद्धा आहे, पण मराठी नाहीत. हे नीट सांगते, कारण अर्ध्या लोकांना हा राग कळतच नाही. मराठीचा ल पाकळीयुक्त, म्हणजे दोन पाकळ्यांचा; हिंदीचा दंडयुक्त, म्हणजे उजवीकडे उभी रेघ असलेला. मराठीचा श देठयुक्त, हिंदीचा निराळा. ही काही माझ्या आजीची हौस नाही, महाराष्ट्र शासनाचा २००९ चा वर्णमालेचा शासन निर्णय आहे. पण फॉन्टच्या साइटवर गाळणी एकच, 'देवनागरी', त्यात हिंदी, नेपाळी, मराठी सगळ्यांना एकाच डब्यात बसवलेलं. आणि सगळ्यात हाल आमच्या ऱ्याचे. 'आचार्याला दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्याला दक्षिणा दिली' यात पंगत कुणाच्या हातची हे ठरतं हो! एका फॉन्टात 'ऱ्हास' लिहिला तर र, खाली नुक्ता म्हणजे टिंब, पाय मोडलेला, आणि शेजारी ह सुटा उभा. ऱ्हास शब्दाचा ऱ्हास. दुसऱ्यात ॲ नव्हता. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टांना ते माहीतच नाही, त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. आणि आमच्या जाहिराती बघाल तर तालुक्यातले वकील. त्यामुळे पान ४१ पासून पुढे ओळीने चौकोनडव्होकेट, चौकोनडव्होकेट, चौकोनडव्होकेट.

एव्हाना कार्यवाहकाकांचा फोन. "अगं, एवढं काय त्यात? तो मंगल वापर. कॉम्प्युटरबरोबर येतो, फुकट."

काका, तो फुकट नाही. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षररचनाकाराने तो केलाय याचा मला आदर आहे, पण तो विंडोजबरोबर येतो, म्हणजे भाड्याच्या घरातल्या पंख्यासारखा. खाली बसून वारा घ्या, पत्र लिहा, छापा. पण पंखा काढून शेजाऱ्याला देता येत नाही. प्रेसवाला म्हणाला 'फॉन्टची फाईल पाठवा' की झाली पंचाईत. शिवाय मंगल छान असला तरी तो पडद्यासाठी आखलेला, त्यात ६४ पानं वाचायला लावणं म्हणजे वाचकाला शिक्षा. काका म्हणाले, "तुला फार कायदे सुचतात." आणि हेच काका झेरॉक्सवर लेख लिहितात!

तिसऱ्या रात्री कुठे मला खरी जागा सापडली, आणि खरं सांगते, आनंदापेक्षा संतापच जास्त झाला. कारण हे सगळं आहे! कधीपासूनच आहे! मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. आयआयटी मुंबईने त्याच यशोमुद्राचा पाया घेऊन शोभिका केला, त्यात दीड हजारावर देवनागरी आकार आहेत, कुठली कुठली संस्कृत जोडाक्षरंही बसतील. टिरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असा तीन वेगळ्या रूपांत मिळतो, म्हणजे कुणीतरी शहाण्याने ल आणि श यांचा विचार आधीच करून ठेवलाय. आणि हे सगळे एसआयएल नावाच्या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे मुक्त परवान्याखाली. मी बसून तो परवाना वाचला. दोन-अडीच पानांचा आहे, आपल्या वीजबिलाच्या मागच्या मजकुरापेक्षा सोपा. वापरा, छापा, स्मरणिकेला किंमत लावा, वाटा, बदला. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका, बदललात तर तोच परवाना ठेवा, राखून ठेवलेलं नाव असेल तर ते वापरू नका, आणि प्रत दिलीत तर परवान्याचा कागद बरोबर द्या. त्या फॉन्टात छापलेल्या मजकुरावर कसलंही बंधन नाही. संपलं. यशोमुद्रावरून शोभिका झाला तो याच मुभेमुळे, कुणी कुणाच्या खिशात हात न घालता.

मग मला सांगा, शोधल्यावर हे वर का येत नाही? ज्याने रीतसर, लेखी, नावानिशी परवानगी दिलीय तो तळाशी, आणि चार बटणांचा रमीवाला पहिल्या नंबरवर. बरं, त्या रमीवाल्याकडेही यातले काही फॉन्ट होतेच की, कुठल्या तरी जुन्या आवृत्तीचे, परवान्याची फाईल उडवलेले, नाव बदललेले. जी वस्तू मालक स्वतः दारात उभा राहून फुकट देतोय, तीसुद्धा यांना मागच्या दाराने चोरून विकायचीय. जाहिरातींच्या पैशावर.

आणि थांबा, सापडल्यावरही सुख नाहीच. मी हौसेने एक फॉन्ट लावला तर ल पुन्हा दंडयुक्त! अर्धा तास डोकं आपटल्यावर कळलं की मराठीचे आकार फॉन्टच्या पोटात आहेत, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली तरच ते बाहेर येतात. माझ्या सॉफ्टवेअरने आपल्या मनानेच सगळा मजकूर हिंदी धरलेला. कुणी विचारलं होतं? भाषा बदलली आणि चौसष्टच्या चौसष्ट पानांवर ल एका दमात पाकळी उमलवून उभे राहिले. एवढा एक क्षण मात्र बरा गेला, खोटं कशाला बोलू.

चौथा दिवस प्रेसमध्ये. "ताई, ओपन फाईल द्या, पीडीएफ नको. आणि युनिकोड आमच्याकडे तुटतं." त्यांचं सॉफ्टवेअर माझ्या लग्नाच्या आधीचं, तेही विकत घेतलेलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी माझा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून आपल्या जुन्या फॉन्टात आणला. त्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाकतात, त्यामुळे कन्व्हर्टरचा तोल जरा गेला की संपलं. 'वर्गणीदार' चा झाला 'र्वगणीदार'. ज्यांनी पन्नास पन्नास वर्षं वर्गणी भरली त्यांची नावं र्वगणीदार या शीर्षकाखाली! मी म्हटलं, दादा, फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट पोटातच असलेली पीडीएफ देते, तीच छापा, एका अक्षराला हात लावू नका. ते म्हणाले, "मग कर्व्ह करून द्या." म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करायची, मग मजकूर बदलता येत नाही. दिली कर्व्ह करून. पान २३ वर एक तारीख चुकलीय हे त्यानंतर कळलं, तो विषय नको.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मॅडम, फॉन्ट मस्त आहे हो. केवढ्याला पडला?" म्हटलं, फुकट. त्यांना ते खोटं वाटलं. मग मी त्यांना परवाना समजावून सांगितला, दहा मिनिटं, उभ्याने, ऑफसेटच्या धडधडीत. तुम्हीही वापरा, गिऱ्हाइकांनाही द्या, फक्त ती परवान्याची फाईल त्याच्याबरोबर राहू द्या, एवढीच अट आहे. त्यांनी मान डोलावली. घरी येऊन झिप पाठवली.

रात्री त्यांचा मेसेज आला. "ताई फॉन्ट मिळाला, धन्यवाद. सगळ्या प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यात एक इंग्रजी टेक्स्ट फाईल पण आलेली, व्हायरस वाटला म्हणून डिलीट केली."