कुलरसमोर नंबर कोणाचा

आमच्या इकडे मे महिन्यात कपडे वाळवावे लागत नाहीत, ते आपोआप वाळतात. ४६-४७ डिग्रीत दोरीच्या एका टोकापासून कपडे टाकत दुसऱ्या टोकाला पोचलं की पहिलं धोतर पापडासारखं कडक, नुसतं मोडायचं बाकी. त्यामुळे कपडे वाळवणं ही काही शिकायची गोष्ट आहे असं इथे कोणाला वाटतच नाही आणि मग जुलैत झडी लागते. पाऊस पुण्यामुंबईलाही येतो हो, पण झडी वेगळी. ती कोसळत नाही, ती नुसती असते, सकाळी असते, रात्री असते, मधेच आभाळ जरा पांढरं होतं, आपण बकेट घेऊन आंगणात पोचतो आणि परत सुरू. त्यात आमचा भाग धानाचा, भंडारा जिल्ह्याचं पार टोक, रोवणी नेमकी याच दिवसांत. म्हणजे घरातली मोठी माणसं रोज बांधीतला चिखल अंगावर घेऊन येणार आणि रोजचे कपडे रोज धुवावेच लागणार. एखाद दिवस ठेवले तसेच तर त्यांच्यातच परे, म्हणजे धानाची रोपं, टाकता येतील.

मग घरात दोऱ्या. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराला लाकडी बल्ल्या असतात हे एक बरं आहे, ओसरीपासून सयपाकखोलीपर्यंत नायलॉनची दोरी ओढली की झालं, फक्त पुढचे दोन महिने सगळ्यांनी घरात वाकून चालायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उंच आहेत, त्यांच्या डोक्यावर दिवसभर कोणाचं ना कोणाचं काहीतरी असतंच. गावातलं कोणी भेटायला आलं तर आधी परकर बाजूला सारून मग "बसा जी" म्हणावं लागतं.

आणि तो वास! कपडा ओला नसतो, वाळलेला पण नसतो, गालाला लावून पाहिलं तर थंड लागतो, म्हणून राहू देतो अजून एक दिवस, आणि त्या एका दिवसात तो आंबतो. सगळ्यात बदमाश म्हणजे जीन्सच्या खिशाचं आतलं पांढरं कापड. बाहेरून पॅन्ट एकदम कोरडी, हात घातला की आत पोळ्याच्या दिवसापर्यंत पुरेल एवढी ओल. त्याच्या खालोखाल चड्डीचं इलॅस्टिक.

या वासामागे कोण आहे ते मी मोबाईलवर वाचलं. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा एक जंतू आहे, जपानच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याच्यावर बोट ठेवलं, तिकडेही लोक पावसाळ्यात घरातच कपडे वाळवतात बिचारे. धुतल्यावरही कापडात अंगाचा थोडा तेलकट मळ राहतो, तो हा खातो आणि एक कुबट ॲसिड सोडतो. वरून कपडा वाळला तरी हा मरत नाही, चिवट आहे, म्हणून तर टॉवेल वाळलेला असताना गुणी असतो आणि अंग पुसायला घेतला की भपकन येतो. हे मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "जपानवाल्याले काय समजते, पावडर कमी पडली तुयी." आता पावडर जास्त टाकली तर ती नीट निघत नाही, कापडात बसून राहते आणि वास वाढतोच, पण हे जेवताना सांगायची माझी हिंमत नाही. खरा इलाज कढत पाणी, ६० डिग्रीच्या आसपासचं, त्यात टॉवेल-बनियान बुडवून ठेवायचे. तेवढं मी गुपचूप करते, चुलीवरच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, आणि क्रेडिट पावडरला जातं.

पण मुख्य भांडण खिडकीवरून. आईंचं म्हणणं, झडीत खिडक्या लावून घ्याव्या, नाहीतर ओल आत येते.

"काहून वो पोरी, खिडकी उघडी ठेवली? सारं आभाळ घरात घेतं का?"

"आई, आतली हवा भरली जी. आता तिच्यात पाणी मावत नाही."

"हवेत पाणी मावते का कधी? बकेट आहे का ते?"

बकेटच आहे! आमचं माजघर १० बाय १२, उंची १० फूट धरा. २८ डिग्रीला एवढ्या हवेत सगळी मिळून साधारण ९०० ग्रॅम वाफ मावते, आणि झडीत ती आधीच ९० टक्के भरलेली असते, म्हणजे उरली जागा ९० ग्रॅमची. मशीनमधून न काढता हाताने पिळलेल्या एका मोठ्या टॉवेलात याहून कितीतरी जास्त पाणी असतं. म्हणजे बंद खोलीत एक टॉवेल वाळायच्या आत खोली फुल्ल, बाकीच्यांनी काय करायचं? हवा हलली पाहिजे, बाहेरची आत, आतली बाहेर, दोन कपड्यांच्या मधून हात जाईल एवढी जागा पाहिजे. पण आई दोरीवर कपड्यावर कपडा टाकतात, जागा वाचते म्हणून. मी जाऊन सुटे करते, त्या येऊन परत जोडतात. आमच्यात यावरून शब्द झालेला नाही, नुसते चिमटे हलतात.

म्हणून शेवटी कुलर. विदर्भात कुलर नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि पाऊस लागला की लोक त्याच्यावर जुनी चादर टाकून त्याला विसरतात. मी तो परत जोडला, पंप बंद, बाजूच्या जाळ्या काढलेल्या, टाकीत थेंब नाही, नुसता फॅन. समोर एक बांबू आडवा बांधला. कसला वारा सोडतो हो तो, सकाळी टाकलेला शर्ट दुपारी घालून जा. पण बांबूवर कपडे मावतात मोजके आणि तिथूनच घरात राजकारण सुरू झालं. पहिला मान शाळेच्या ड्रेसचा, ते सगळ्यांना मान्य, कारण जिल्हा परिषदेकडून दोनच मिळतात आणि झडीत दोन्ही ओले. त्याच्यानंतर मात्र गोंधळ. मामाजी म्हणतात वयाने मोठा कोण. आमचे हे म्हणतात कमावतो कोण. आई काहीच म्हणत नाहीत, रात्री सगळे झोपले की उठून आपलं लुगडं मधोमध सरकवतात. मी सून, माझा गाऊन सर्वात शेवटी, कोपऱ्यात, जिथे फॅनचा वारा पोचायच्या आधीच थकतो.

ह्यांनी नाराज होऊन स्वतःचा मार्ग काढला. डिशचा सेटटॉप बॉक्स गरम असतो, त्याच्यावर मोजे ठेवले. नेमकी आईंची सिरीयल रंगात आली असताना बॉक्स तापून बंद. त्या दिवशी ह्यांना जे बोलणं बसलं त्यात मोज्यांचा उल्लेख कमी आणि सासरच्या खानदानाचा जास्त होता, म्हणजे स्वतःच्याच.

आणि लाईन गेली की कुलरही गेला. मग चूल. चुलीच्या वर दोरी बांधली की कपडा वाळतो खरा, एकदम फर्स्टक्लास, पण पोरगी शाळेतून येऊन सांगते, मॅडम म्हणे तुमच्या घरी आज लसणाची फोडणी होती का. आईंच्या मते धुराचा वास हा वास नव्हे, तो शुद्ध असतो. असेल.

पोळा आला तरी झडी हटली नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी बैलांच्या झुली धुवायला काढल्या, जाड, आरसे लावलेल्या, पाणी पिऊन मणभर झालेल्या, आणि कोणाला काही न विचारता बांबूवरचं सगळं खाली उतरवलं. ड्रेससुद्धा! आई काही बोलल्या नाहीत, आमचे हे पण काही बोलले नाहीत. संध्याकाळी मामाजी गोठ्यात बैलांची खांद, म्हणजे खांदे, शेकून आले, हळद-तुपाचे हात पुसायला माझा ओला गाऊन घेतला आणि कुलर फुल्लवर केला.

"उद्या त्यायचा सण आहे," म्हणाले. "आधी त्यायचं वाळू दे."