घरी ठेवून यायचं, पण कुणाकडे?

तीन लहान पोरं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला "अहो ताई, घरी कुणाकडे तरी ठेवून यायचं ना" असं सांगणाऱ्या तमाम काका-काकूंना एकच विचारायचंय. कुणाकडे? नाव सांगा, मी आत्ता नेऊन सोडते. सासूबाई गावी असतात आणि त्यांचे गुडघे गेलेत. आई भावाकडे ठाण्याला. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री उशिरा येतो आणि रविवारी सगळी ऑफिसं बंद. शेजारच्या काकू सोन्यासारख्या आहेत पण एक पोर अर्धा तास सांभाळणं वेगळं आणि सहा वर्षांची एक अन तीन वर्षांची जुळी अशी फौज सकाळभर अंगावर घेणं वेगळं, त्यांचंही वय झालंय, आणि सारखं सारखं मागायला तोंड राहत नाही हो.

(आणि "एवढी पोरं कशाला" वाल्यांनी इथूनच खाली उतरावं. दुसऱ्या वेळी आम्ही एकच मागितलं होतं, दोन मिळाली.)

दुसरा सल्ला म्हणजे हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं की. मिळतं ना, किराणा मी मागवतेच. पण चपलेचा नंबर पायात घातल्याशिवाय कळत नाही, लस ॲपवरून टोचून घेता येत नाही, जुळ्यांचे केस कापायला न्हावी पार्सलने येत नाही. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे आधार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 5 वर्षांच्या आतल्या मुलाचं ते निळं बाल आधार असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, फोटो आणि आईबापापैकी एकाचं आधार लागतं. 5 पूर्ण झाली की मग दहा बोटं, दोन्ही डोळे, नवीन फोटो असं सगळं अपडेट करायचं, 15 ला परत एकदा. मोठी पहिलीत गेल्यापासून शाळेच्या ग्रुपवर बाईंचे मेसेज चालू, अपडेट करून घ्या, करून घ्या. त्यांचीही चूक नाही, त्यांच्या मागे वरून तगादा असतो. जुळ्यांचं मुळात काढलेलंच नव्हतं. म्हणजे तिघांनाही समक्ष हजर करायचं आणि सोबत मी. आता सांगा, यातलं कुठलं पोर घरी ठेवू? ज्यांचं काम आहे तेच घरी ठेवून मी एकटी जाऊन काय तिथे हवापाण्याच्या गप्पा मारू?

तर केंद्र पहिल्या मजल्यावर. जिना असा की एकाच वेळी एकच माणूस चढेल, कठडा एकाच बाजूला. वर बाकडं एक, त्यावर आधीच आजी-आजोबा बसलेले, आणि त्यांना ऊठ म्हणायचा प्रश्नच नाही. टोकन घेतलं तोवर एक जुळा फाइलींच्या कपाटात, दुसरीला शू. शूची सोय खाली, मागच्या गल्लीत. म्हणजे चौघांनी उतरा, चौघांनी चढा, आणि मधल्या वेळात नंबर पुकारून गेला तर "तुमचा नंबर होता, तुम्ही नव्हतात".

मोठीचा नंबर आला तर ठसे उमटेनात. आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्याची चार, मग दोन्ही अंगठे असं काचेवर दाबायचं असतं. पोरीने नुकतंच क्रीमचं बिस्कीट खाल्लेलं. माझ्याकडे ओला रुमाल होता म्हणून बरं, पुसली बोटं, तर आता जास्त ओली झाली म्हणे. ओढणीला कोरडी केली. मग डोळ्यांचं यंत्र आलं. डोळे मोठे कर म्हटलं की ती तोंड मोठं करते, डोळे बारीकच. यात मागून आवाज, "मॅडम, ती दोघं वायर ओढतायत बघा". बघतेय हो! सगळ्या खोलीला दिसतायत, तुम्ही वायरीच्या शेजारी उभे आहात, हात लांब केलात तर पोर उचलता येईल. पण नाही, आपल्याकडे पोराची माहिती आईला द्यायची पद्धत आहे, पोराला हात लावायची नाही.

जुळ्यांपैकी मुलीचा फोटो निघाला, पांढऱ्या पडद्यापुढे, मी खाली वाकून तिला कमरेला धरून, म्हणजे फोटोत मी दिसायला नको. मुलगा तोवर झोपला होता. फोटोत डोळे उघडे लागतात. उठवला तर त्याने जे भोकाड पसरलं ते जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं असणार. "ताई, पुढच्या वेळी या."

मोबाइल द्यायचा ना हातात, असंही कुणीतरी म्हणालं. मोबाइल एक आणि पोरं तीन, करा हिशोब.

आता हीच तिघं घेऊन मी इथे नाशिकला भद्रकालीत भाजीला जाते. तिथे ना टोकन, ना एसी, ना खुर्ची, गर्दी मरणाची आणि त्यातून बाइक घालणारे महाभाग वेगळेच, सोपं आहे असं अजिबात म्हणत नाहीये. पण माझी नेहमीची मावशी एकाला उचलून सरळ बारदानावर बसवते आणि मूठभर मटारच्या शेंगा पुढ्यात टाकते, "घे रे, सोल". सोलतो तो! निम्मे खातो, दोन-चार दाणे माझ्या पिशवीत पडतात, पण मला कोथिंबीर निवडून भाव करायला मिळतो. मोठी हल्ली मला सांगते, आई मेथी महाग आहे पुढे बघू. चपलांच्या दुकानातले काका तर जुळ्यांना उलटसुलट चपला घालून दुकानभर फिरू देतात, गिऱ्हाईक आलं की "अरे बाबांनो बाजूला" एवढंच. कुणी उपकार केल्यासारखं बोलत नाही, पोरं असतात, पोरं अशीच असतात, हे तिथे गृहीत आहे.

आणि जिथे फॉर्मवर "बालकास समक्ष आणावे" असं छापून घेतात तिथेच बालक आलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. माझा राग एवढाच आहे. बोलवताय तर बसायला द्या.

येण्याजाण्याचं तर विचारूच नका. "स्कूटी आहे ना दारात, रिक्षाला कशाला पैसे घालवतेस" हे माहेरून-सासरून दोन्हीकडून ऐकते. अहो, चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसवायचा हा कायदा आहे, दुचाकीवर मी आणि एक पोर, संपलं. 4 वर्षांवरच्याला हेल्मेट, आणि 9 महिने ते 4 वर्षांच्या लेकरालाही हेल्मेट, अंगाला बांधायचा पट्टा आणि गाडी 40 च्या आत, हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. रस्त्यावर बघितलं तर एक पुढे उभं, दोन मागे, डोकी सगळी उघडी. मी नाही नेत. रिक्षाचे पैसे जातात ते जातात, शेअर रिक्षावाला "एकाला मांडीवर घ्या" म्हणतो तेव्हा दुसरं पण आपोआप मांडीवर येतं आणि पिशवी मोठीच्या डोक्यावर.

आपल्याकडे हिरकणीचं किती कौतुक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. मलाही आवडते ती गोष्ट. पण बाळ घरी होतं बघा, दोन्ही हात मोकळे होते. कडेवर एक, पदराला एक आणि "आई शू" म्हणणारं एक घेऊन उतरली असती तर बुरूज कशाला, अख्खा गड तिच्या नावाने केला असता. एसटी स्टँडवर तिच्या नावाचे कक्ष केलेत, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला आडोसा मिळतो, चांगलंच आहे. पण बाळ पिणं सोडून पळायला लागलं की ते कुणाच्याच खिजगणतीत नाही. 2017 पासून 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा झाला, तोही चांगलाच. म्हणजे काउंटरच्या आतल्या बाईच्या पोराचा विचार निदान कागदावर तरी झाला. काउंटरच्या बाहेर उभी असलेली बाई पोरं घेऊन येणार हे मात्र कुणाला सुचलेलं दिसत नाही.

बरं मी मागतेय काय? सजवलेला प्ले एरिया वगैरे काही नको. तळमजला, एक सतरंजी, शूची सोय त्याच इमारतीत. आणि रांगेत पुढे सोडा, हो, खोटं कशाला बोलू, मला पुढे जायचंच आहे, कारण तीन पोरं पाऊण तास तिथे ठेवली तर त्रास मला एकटीला नाही, तुम्हा सगळ्यांनाच होणारे.

नवरा गेला होता एकदा सुट्टी टाकून, मोठीला आणि जुळ्यांतल्या मुलीला घेऊन, दातांच्या डॉक्टरकडे. तिथे त्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, "किती करतो बाई पोरींचं" हेही मिळालं. पण मोठीला बाथरूमला जायचं झालं तेव्हा लेडीजमध्ये तो जाऊ शकेना आणि जेंट्समध्ये तिला नेववेना, शेवटी एका अनोळखी आजींना विनवून त्यांच्यासोबत पाठवली. घरी आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, तू हे दर आठवड्याला करतेस?

असो. कामाचं बोलते. जुळ्यांतल्या मुलाचं आधार अजून राहिलंय. सिडको, इंदिरानगर, शालिमार, कुठेही चालेल, तळमजल्यावरचं केंद्र कुणाला माहीत असेल तर सांगा, आणि सकाळी किती वाजता गर्दी कमी असते तेही. अकराच्या आत उरकायला हवं, त्यानंतर तो झोपतो.