माइकची डीपी

मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याने माझ्या तीन महिन्यांच्या अभ्यासातली चूक परवा एका प्रश्नात दाखवून दिली, आणि ती त्याने दाखवली नसती तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

मला माइकसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा नळ्यांचा, प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र) घरी बांधायचा आहे. साध्या डायनॅमिक माइकमधून बोलण्याचा आवाज येतो तो एखाद-दोन मिलिव्होल्टचा. तो रेकॉर्ड करण्याजोगा व्हायचा तर जवळपास हजारपट, म्हणजे ६० डेसिबल, वाढवावा लागतो. हे काम नखाएवढी आयसी निमूटपणे करते, परंतु निमूटपणे केलेल्या कामाचे आपल्याकडे कौतुक होत नाही, आणि काचेच्या नळीत तांबूस उजेड पडलेला दिसला की पाहुणे आपोआप विचारतात.

प्रश्न होता तो कोणते जुने डिझाइन उचलायचे हा. अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा ओपी-६ पाहिला. त्यातल्या १६२० व्हॉल्व्हना धातूचे आवरण असते, त्यामुळे उजेड दिसत नाही, म्हणून तो बाद केला. अमेरिकन ध्वनी-अभियंते बिल पुटनम यांचा ६१० पाहिला. त्यातला १२एएक्स७ व्हॉल्व्ह आजही सहज मिळतो, परंतु सहज मिळणाऱ्या वस्तूवर तीन महिने घालवता येत नाहीत. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या रेड-४७ मध्ये ईएफ८६ हा पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह, आहे, आणि त्याला टिचकी मारली तरी ती स्पीकरमधून ऐकू येते. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग असल्याने माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये टॉवेल विणले गेले असते. चादर घेताना दुकानातली सगळी थप्पी खाली उतरवायला लावून शेवटी हात पहिल्याच चादरीवर ठेवावा, तसा मी फिरून सगळ्यांच्या आधी मनात असलेल्या नावावर आलो: जर्मन रेडिओसाठी घडवलेला टेलिफुंकन व्ही-७२. त्यात दोन ईएफ८०४एस व्हॉल्व्ह असतात, आणि त्याचाच भाऊ व्ही-७२एस हा बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांसाठी वापरलेल्या रेड-३७ या मिक्सिंगच्या टेबलात होता. ईएफ८०४एस हा स्वभावाने ईएफ८६चाच भाऊबंद आहे आणि टॉवेलांचा प्रश्न त्यालाही लागू होतो, हे मला ठाऊक होते. पण एवढे नाव मिळाल्यावर मनुष्य टॉवेलांचा विचार सोडून देतो.

अडचण ट्रान्सफॉर्मरची होती. अशा प्रीअँपमध्ये खरा खर्च व्हॉल्व्हचा नसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या आवाजावरच्या ट्रान्सफॉर्मरचा असतो, आणि ते परदेशातून मागवायचे तर किमतीवर कुरिअर, कुरिअरवर कस्टम, आणि त्या सगळ्यावर घरच्यांचे मौन. म्हणून कागदावर उतरवलेला सर्किटचा नकाशा घेऊन मी अक्कलकोट रस्त्याकडच्या एका मोटार भरून देणाऱ्या दुकानात गेलो. एप्रिलची दुपार होती, वार्निशचा वास होता, आणि बाकावर जळालेल्या पाच एचपीच्या पाणबुडी मोटारीशेजारी, आजारी नातेवाइकाजवळ बसावे तसे, एक धोतरवाले मामा बसले होते.

“काय भरायला आणलाव, मालक?” त्यांनी दुकानदाराच्या आधी विचारले.

“ट्रान्सफॉर्मर करून हवा आहे.”

“कुठल्या गावची डीपी?”

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. मी सांगितले की गावची नव्हे, माइकची. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि दुकानदाराकडे पाहिले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी त्याला समजावू लागलो की आतला गाभा म्युमेटलचा, म्हणजे तीन-चतुर्थांशांहून अधिक निकेल असलेल्या मिश्रधातूचा हवा, आणि तो पत्रा हातातून पडला तरी त्याचा गुण उतरतो. त्याच क्षणी दुकानदाराने कुठल्याशा मोटारीच्या खोक्यावर हातोडा घातला आणि म्हणाला, “लोखंड ते लोखंड. तार किलोवर लावतो.”

“आवाज मोठा करायचा का त्यानं?” मामांनी विचारले.

“मोठा तर होतोच, पण व्हॉल्व्हमुळे आवाजाला एक ऊब येते.”

मामांनी दाराबाहेर पाहिले. बाहेर ४२ अंशांत डांबर मऊ झाले होते.

“सोलापुरात ऊब कमी पडायली का तुमाला?”

एवढ्यावर थांबले असते तर मीही हसून सोडून दिले असते. परंतु त्यांनी माझ्या हातातला नकाशा मागून घेतला, उलटा धरला, बोटाने एकेक रेघ पार शेवटपर्यंत नेली आणि विचारले, “ह्येला आवाज कमी-जास्त करायचं बटन कुटं हाय?”

बटण नव्हते. व्ही-७२ चे वर्धन ३४ डेसिबलवर, म्हणजे सुमारे पन्नासपटीवर कायमचे बसवलेले असते. कमी-जास्त करण्याची सोय त्या जर्मन अभियंत्यांनी मिक्सिंगच्या टेबलात ठेवली होती, आणि टेबल माझ्याजवळ नव्हते. शिवाय मला हवे होते हजारपट. हे दोन्ही आकडे मी तीन महिने रोज वाचत होतो आणि एकदाही शेजारी-शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

“मग मानूस वरडला तर?”

“माइक लांब ठेवायचा.”

“आन हळू बोलला तर?”

मी गप्प राहिलो. मामांनी आपल्या मोटारीवर थाप मारली. “आमच्या हिला सुद्धा स्टार्टर असतोय, मालक.”

मला खरा राग आला तो मामांचा नव्हे. कधीकाळी याच देशात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, रेडिओचे व्हॉल्व्ह बनत होते. आज एक ईएफ८६ हवा असेल तर रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनकडे तोंड करावे लागते, आणि ज्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत लहानपणी मी काउंटरवर हनुवटी टेकून उभा राहत असे तिथे आता मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात. ज्याला विचारावे असा मनुष्यच उरला नाही, म्हणून मी पाणबुडी मोटारीच्या दवाखान्यात म्युमेटल मागत होतो आणि वर माझ्यावरच लोकांची करमणूक होत होती. त्याच घराण्यातला मोठा व्ही-७६ घ्यावा तर त्यात तसेच चार व्हॉल्व्ह लागतात. वर्धन ७६ डेसिबल आणि बटण आहे, परंतु ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न तिथेच आहे.

दुकानदाराने मात्र काम नाकारले नाही. त्याने वजनकाट्यावर बोटभर तार ठेवली, काटा हलला नाही, तेव्हा त्याने अंदाजे दोनशे रुपये आगाऊ घेतले आणि पावती फाडली. घरी येऊन पाहिले तर तीवर लिहिले होते: “माइकची डीपी, १ नग.” त्याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात कुणीतरी आणखी दोन शब्द घातले होते: “बटन बसवणे.”