बटणे डकवली की झाले!
संकेतस्थळे चालवणाऱ्या ड्रुपल ७ या प्रणालीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली, तरी रुग्णालयाचे संकेतस्थळ त्याच प्रणालीवर ठेवून ते दिव्यांगस्नेही करा, असा आग्रह प्रत्येक बैठकीत धरला जातो. अक्षरे लहानमोठी करणारी बटणे वर डकवली की काम झाले, अशी साहेबांची ठाम समजूत आहे, मात्र बाह्यरुग्ण विभागाचे वेळापत्रक (नेत्रविभागाचेसुद्धा!) शिक्का मारलेल्या कागदाचे तिरके स्कॅन म्हणून चढवले जाते आणि अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात वाचण्याजोगे एक अक्षरही सापडत नाही. जुनी पाने युनिकोडपूर्व (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) फॉन्टमध्ये टंकलेली असल्याने डोळ्यांना मराठी दिसते, पण कानांवर निरर्थक रोमन अक्षरे पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची आठवण करून दिली, तर 'पुढच्या निविदेत पाहू' हे उत्तर ठरलेलेच असते.